कुंडमळा: पूल कोसळण्याआधीचे तास

एक वर्ष आधी

30 जून 2024, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पाण्याचा लोंढा आला आणि हडपसरहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. त्यानंतर धरण परिसरातल्या टपऱ्या हटवल्या गेल्या. जिल्हाधिकाऱ्यांनी मावळ, मुळशीसह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर जुलैअखेरपर्यंत मनाई आदेश लागू केले. आदेशाची मुदत संपली. पुढच्या पावसाळ्याची तयारी मात्र त्याच वेळी सुरू व्हायला हवी होती.

29 दिवस आधी

17 मे 2025. मावळात इंद्रायणीवर असलेल्या कुंडमळ्याच्या खाली, याच नदीच्या काठावर, चिखलीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने 36 बंगले पाडले. ते निळ्या पूररेषेच्या आत होते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी रेषा, 100 वर्षांतल्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. हरित लवादाने जुलै 2024 मध्ये हे बंगले पाडण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. निर्णय योग्यच होता. पण प्लॉट आखले जात होते, पाया खणला जात होता, स्लॅब पडत होते, तेव्हा त्या काठावर महापालिकेचे कोणी उभे राहिले असते, तर लोकांची आयुष्यभराची कमाई मातीत गेली नसती.

मावळात नदीकाठच्या बहुतेक गावांसाठी नियोजन प्राधिकरण आहे पीएमआरडीए. बांधकामाचे नियम तिच्याकडे, पूररेषा जलसंपदा विभागाकडे, बंदोबस्त पोलिसांकडे, आदेश महसूल खात्याकडे. नदीवर रोज नजर असते ती ग्रामपंचायतीची, आणि तिच्या हातात यातले काहीच नाही.

20 दिवस आधी

26 मे. मोसमी पाऊस पुण्यात पोहोचला, नेहमीच्या तारखेच्या कितीतरी आधी. घाटमाथा भिजू लागला आणि धबधब्यांकडे जाणारी गर्दीही लवकर सुरू झाली.

काही दिवस आधी

कुंडमळ्यातला लोखंडी पूल तीसेक वर्षांचा. कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी इथे काळ्या कातळातून वाहते. पाण्याने कोरलेली कुंडे आणि रांजणखळगे पाहायला लोक येतात. पूल मात्र पाहुण्यांसाठी बांधलेला नव्हता. शेतकऱ्याला पलीकडच्या शेतात आणि गावकऱ्याला पलीकडच्या काठावर जाता यावे म्हणून तो होता: अरुंद, चालत जाण्यापुरता. तो गंजला आणि धोकादायक ठरला. तसा फलक लागला. नव्या पुलासाठी सुमारे 8 कोटी रुपये मंजूर झाले, कार्यादेशही निघाला. म्हणजे धोका सरकारला माहीत होता, लेखी माहीत होता. नवा पूल उभा राहीपर्यंत जुन्याचे काय करायचे, एवढाच प्रश्न उरला होता आणि त्याला कोणाकडेही उत्तर नव्हते.

15 जून, रविवार, दुपारी 12

अजून तीन तासांहून अधिक वेळ हातात आहे. दोन्ही टोकांना साखळी ओढून कुलूप लावायला अर्धा तास पुरतो. चार होमगार्ड उभे राहिले तर गर्दी काठावरच थांबते. सुट्टीच्या दिवशी पावसात लोणावळ्याकडच्या लोकल आणि जुना महामार्ग कसे भरून वाहतात, हे मावळात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोकांनी फलक वाचायला हवा होता, असे नंतर म्हटले गेले. हो, वाचायला हवा होता. पण गर्दीत मागच्याला फलक दिसत नाही, पुढचा चालतोय एवढेच दिसते. पूल खरोखर बंद असेल तर त्यावर पाय ठेवताच येत नाही.

दुपारी 3

नदी फुगलेली, पाणी गढूळ आणि वेगवान. पुलावर शंभराहून अधिक माणसे आहेत. काही जण दुचाकीही घेऊन आले आहेत. चालत राहणारी माणसे पूल सोडून जातात. इथे ती फोटोसाठी थांबली आहेत. अरुंद जागेत दुचाकी आली की सगळे कठड्याला चिकटतात, मग ना पुढे जाता येते ना मागे. सारा भार जिथल्या तिथे साचतो.

3:15 ते 3:30

पूल मोडला. माणसे कातळावर पडली, पाण्यात पडली, काही सांगाड्याखाली अडकली.

संध्याकाळ

गावकरी आधी धावले, मग पोलीस, मावळातली बचाव पथके आणि एनडीआरएफ. पाऊस, अंधार, वाढते पाणी, आणि त्यातच गॅस कटरने लोखंड कापणे. 4 जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. मृतांच्या वारसांना प्रत्येकी 5 लाख रुपये जाहीर झाले.

नंतरचे दिवस

पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हाही निघाले होते. कुंडमळ्याच्या दुर्घटनेनंतर तीन दिवसांनी, 18 जूनला, याच इंद्रायणीच्या काठावरून, देहूतून तुकोबांची पालखी निघाली. तिथे प्रत्येक घाटावर कोण उभे राहणार हे आधीच ठरलेले असते. गर्दीची तारीख ठाऊक असते, म्हणून ते जमते. पावसाळ्यातले रविवारही कॅलेंडरवर छापलेले असतात. मावळातल्या प्रत्येक धोक्याच्या जागेसाठी जूनपूर्वी एका अधिकाऱ्याचे नाव ठरावे, जागा बंद करण्याचा अधिकार त्याला लेखी मिळावा आणि कुलपाची किल्ली ग्रामपंचायतीकडे असावी. याला 8 कोटी लागत नाहीत.