चाकाला एरंडेल, इंजिनाला चाळीस नंबर

छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीला, वढू बुद्रुकला निघालेला माणूस बहुधा पुणे–नगर रस्त्याने येतो आणि कोरेगाव भीमाला आत वळतो. हा रस्ता मराठी मोटारीच्या इतिहासातही मानाचा आहे. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, यांच्या दरम्यान याच रस्त्याने धावली. ती लाकडी बांधणीची बेडफर्ड होती. त्या पिढीचे ट्रक आणि बस आज काही जण निगुतीने जपतात. अशा गाडीत तेल कोणतं घालायचं, असं विचारलं तर सहसा उत्तर मिळतं, बाजारातलं सगळ्यात नवं आणि भारी असेल ते घाला. मला हे उत्तर चुकीचं वाटतं. तेलाची योग्यता एकट्या डब्यावरून ठरत नाही. यंत्र कोणत्या काळात, कोणत्या धातूंचं, कोणत्या गाळणीसह घडलं यावरून ती ठरते. म्हणून जुन्या ट्रकचं तेल निवडायचं तर आधी त्याचा इतिहास वाचावा लागतो.

याची सुरुवात बैलगाडीपासून करता येते, कारण ‘वंगण’ हा शब्द इंजिनाच्या कितीतरी आधी गाडीच्या चाकाशी जोडलेला आहे. चाकाच्या तुंब्यात एरंडेल वापरलं जाई, त्यामागे पक्कं कारण होतं. ते दाट आणि चिकट असतं, आसाला धरून राहतं. पातळ तेल तिथून गळून गेलं असतं. हेच एरंडेल पुढे मोटारीपर्यंत पोहोचलं. वेकफिल्ड कंपनीने 1909 मध्ये आपल्या तेलाला दिलेलं ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच आलं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं एरंडेलावर चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. पण ती इंजिनं तेल वापरून बाहेर फेकून देत. ट्रकच्या इंजिनात तेच तेल दिवसेंदिवस फिरत राहतं, आणि असं सतत तापलेलं एरंडेल डिंकासारखं चिकटून बसतं. शिवाय ते खनिज तेलात नीट मिसळतही नाही. तुंब्यात आणि विमानात जे गुणाचं ठरलं, ते ट्रकमध्ये घातक ठरलं असतं. तेल तेच होतं, यंत्र बदललं होतं.

खनिज तेलाचा इतिहासही हेच सांगतो. गॅरेजमध्ये ‘चाळीस नंबर’ म्हणतात तो आकडा 1911 पासून चालत आलेल्या एसएई वर्गीकरणातला आहे. तो फक्त दाटपणा सांगतो, तेलाचा दर्जा सांगत नाही. दर्जाचे वर्ग अमेरिकेत 1947 मध्ये आले आणि तेही साधे, बरे आणि जड कामाचे असे तीनच होते. म्हणजे एसटी सुरू झाली तेव्हा ही भाषा नुकती जन्मली होती. जड कामाच्या तेलाला चालना दिली डिझेलने. 1930 च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा काजळीने अडकू लागल्या आणि मळ सोडवणारी रसायनं तेलात मिसळावी लागली. त्यातल्या काही सुरुवातीच्या तेलांनी तांबं-शिशाच्या बेअरिंगा खाल्ल्या, म्हणून पुढे जस्ताची संयुगं आली. भारतात 1954 मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला घेतले, तोवर हे धडे गिरवून झाले होते. त्यामुळे 1948 चं पेट्रोल इंजिन आणि 1954 नंतरचं डिझेल इंजिन दोन्ही ‘जुनी’ म्हटली, तरी त्यांची गरज एक नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. आजचं तेल सत्तर वर्षांच्या संशोधनातून आलेलं आहे, मग ते जुन्यापेक्षा सरसच नाही का? ऑक्सिडीकरण रोखण्यात आणि काजळी तरंगत ठेवण्यात ते सरस आहे, हे मान्यच करायला हवं. पण ज्या इंजिनात साध्या तेलाने वर्षानुवर्षं गाळ साचलाय आणि पूर्ण तेल गाळणारा फिल्टरही नाही, त्यात मळ सोडवणारं तेल एकदम घातलं तर सुटलेला गाळ तेलाच्या वाटा बुजवू शकतो. तेच इंजिन उघडून स्वच्छ केलं असेल, तर तेच तेल उपकारक ठरतं. दुसरी गोष्ट जस्त आणि फॉस्फरसची. पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यातल्या उत्प्रेरकाला जपण्यासाठी नव्या पातळ तेलांत फॉस्फरसवर मर्यादा आली. जुन्या इंजिनांत मात्र कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत फिरतो आणि त्याला त्याच संयुगांचा आधार लागतो. गिअरबॉक्समध्येही तेच. जड दाब सोसणाऱ्या जीएल-5 वर्गाच्या काही तेलांतलं गंधक कांशाच्या भागांना खाऊ शकतं, आणि जुन्या गाड्यांत असे भाग सर्रास असत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सत्तर वर्षांत इंजिन बोअर होतं, बेअरिंगा बदलतात, कधी पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसतं. मग जन्मकाळ धरून काय उपयोग? माझं उत्तर असं की दुरुस्त्या हाही गाडीचा इतिहासच आहे. एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, लेलँड, अल्बियन अशा नाना कंपन्यांच्या गाड्या होत्या. एकच पिंप सगळ्यांना सारखंच मानवलं असेल, हे संभवत नाही. म्हणून प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. आज आत कोणतं इंजिन आहे, ते उघडलं कधी, फिल्टर कसा, बेअरिंगा कशाच्या आणि आजवर कोणतं तेल प्यायलं, हे आधी. शिरूरच्या उन्हाळ्यात दाटपणा किती हवा, ते त्यानंतर. डब्याची किंमत सगळ्यात शेवटी. तुंब्याला एरंडेल लावणाऱ्याने आधी चाक पाहिलं होतं. जुना ट्रक जपणाऱ्यानेही तिथूनच सुरुवात करावी.