पावसाळ्यात तडकलेली काडतुसे

धातुशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत पितळेच्या एका दुखण्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात. यातला ‘सीझन’ म्हणजे आपला पावसाळा, हे कळल्यावर मी या विषयाच्या मागे लागलो.

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत आणि काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवली जात. उघडीप झाल्यावर पाहावे तो कित्येक काडतुसे तडकलेली. तडा बहुधा तोंडाशी, गोळी आवळून बसवलेली असते तिथेच. न उडवलेले काडतूस पडल्यापडल्या फुटावे, हे चमत्कारिकच होते. तोंड तडकले की गोळी सैल होते, दारूला ओल लागते. तडा बुडाकडे असेल तर तापलेला वायू मागे फिरून नेम धरणाऱ्याच्याच तोंडावर येऊ शकतो. बंदुकीचा मागचा भाग उडण्याच्या क्षणी बंद राखायचा, हे कवचाचेच काम असते.

कवचाचे पितळ म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. चकती दाबून वाटी करतात, मग ती वाटी साच्यांतून ओढत ओढत लांब नळी करतात. दर ओढणीला धातू कडक होतो. भट्टीत लालसर तापवून मऊ केला नाही तर पुढच्या ओढणीत फाटतो. पुण्याच्या तांबट आळीत हे कोणाला शिकवावे लागत नाही. ठोकून ठोकून ताठरलेले भांडे तांबट पुन्हा विस्तवात घालतो, मगच मठारतो. आणि पोलादाच्या उलट, ते पाण्यात बुडवले तरी मऊच राहते.

पण काडतूस पुरते मऊ करून चालत नाही. बुड कडक हवे, नाहीतर स्फोटाच्या दाबाने ते पसरेल. म्हणजे शेवटच्या ओढणीचा कडकपणा ठेवायचा, आणि त्याबरोबर आत दबून राहिलेला ताणही आलाच. पागेत घात झाला तो याच ताणामुळे. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये कारण मांडले: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि धातूतला ताण. ताणलेल्या पितळेत अमोनिया कणांच्या सांध्यासांध्यांतून वाट काढतो. ताण नसेल तर त्याच हवेत पितळ काळवंडेल, पण अशी तडकणार नाही.

उपाय निघाला तो जुन्या विस्तवाचाच, फक्त मंद आचेवर. तयार कवच सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवले की ताण बराचसा उतरतो आणि कडकपणा जवळपास तसाच राहतो. मला या साऱ्या प्रकरणातली खरी हुशारी इथे दिसते. तापवले की मऊ होते, हे जुनेच ज्ञान. मऊ न करता नुसता ताण काढता येतो, हे ध्यानात यायला प्रयोगशाळा लागली. निबंधावर तिघांची नावे आहेत. पागेतल्या मोतद्दारांना कोणी काही विचारले होते का, कोण जाणे!

मानेची गोष्ट वेगळी. ती मऊच लागते, म्हणून तेवढाच भाग वेगळा, जास्त तापवतात. वापरलेली कवचे पुन्हा भरणारे नेमबाजही हेच करतात, कारण दर वेळी फुगून आणि पुन्हा आवळली जाऊन मान ताठरते व चिरते. बुडाला मात्र आच लागू देत नाहीत. काहीजण त्यासाठी कवच पाण्यात उभे करून वरचे तोंड तापवतात. या आचेचा निळसर-तपकिरी पट्टा मानेवर उमटतो. बाजारातल्या काडतुसांवरून तो बहुधा घासून काढतात. लष्करी काडतुसांवर पुष्कळदा तसाच ठेवतात.