फिरत्या चाकावर चाललेली बस

कुंभार दांड्याने चाकाला जोरदार गिरक्या देतो, दांडा बाजूला ठेवतो आणि निवांतपणे मडके घडवू लागतो. त्याने दिलेली ऊर्जा चाकात साठलेली असते. ती हळूहळू वापरली जाते. अशा चाकावर माणसांनी भरलेली बस चालेल काय? स्वित्झर्लंडमधील ओर्लिकॉन कंपनीच्या अभियंत्यांनी १९४०च्या दशकात हा प्रश्न गंभीरपणे हाती घेतला होता.

त्यांच्यापुढची अडचण अशी होती. विजेच्या गाडीला मार्गभर तार लागते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली. प्रवाशांची गर्दी असेल तेथे तारेचा खर्च भरून निघतो. पण शहर आणि शेजारचे लहान गाव यांच्यामध्ये थोडेच प्रवासी असतील, तर तो परवडत नाही. मग डिझेलचा धूर सोसायचा, किंवा विद्युतघटांचे ओझे वाहायचे.

ओर्लिकॉनने तिसरा मार्ग काढला. बसच्या तळाशी सुमारे दीड टन वजनाचे व १.६ मीटर व्यासाचे पोलादी चाक आडवे बसवले. यालाच प्रचक्र किंवा फ्लायव्हील म्हणतात. ठरावीक थांब्यावर टपावरचे तीन दांडे विजेच्या खांबाला टेकत, आणि अर्ध्या ते तीन मिनिटांत मोटर चाकाला मिनिटाला ३,००० फेऱ्यांपर्यंत नेई. बस निघाली की तेच चाक जनित्र फिरवी आणि त्या विजेवर बस पळे. हवेचे घर्षण कमी व्हावे म्हणून चाकाच्या बंद पेटीत कमी दाबाचा हायड्रोजन भरलेला असे. चाकाचा अक्ष उभा असल्याने वळणावर बस वळली तरी अक्षाची दिशा बदलत नसे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जाही काही अंशी चाकाकडे परत जाई. अशा बसला ‘जायरोबस’ हे नाव मिळाले.

ऑक्टोबर १९५३ मध्ये इव्हर्दों या स्विस गावातून शेजारच्या ग्रांसोंपर्यंत जायरोबसची सेवा सुरू झाली. १९५५ मध्ये बेल्जियन काँगोतील लिओपोल्डव्हिलला, म्हणजे आजच्या किन्शासाला, १२ जायरोबस गेल्या. १९५६ मध्ये बेल्जियममधील गेंट शहर आणि त्याचे उपनगर मेरेलबेके यांच्यामध्ये त्या धावू लागल्या. परंतु १९६० अखेर तिन्ही ठिकाणची सेवा बंद झाली होती. असे का व्हावे?

चाकात किती ऊर्जा मावते हे अकरावीचे विद्यार्थी काढू शकतील. भरीव तबकडी धरून गणित केले, तर उत्तर सुमारे ६.६ किलोवॅट-तास, म्हणजे विजेच्या मीटरवरची साडेसहा युनिटे, असे येते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेग निम्मा झाला की ऊर्जा एक चतुर्थांशच उरते. एका भरणीत बस फार तर ६ किलोमीटर जाई.

पण चाकात साठलेली ऊर्जा आणि तारेतून घेतलेली ऊर्जा या दोन वेगळ्या संख्या आहेत. साठा भरताना गळती, चाक फिरते ठेवताना गळती, ऊर्जा परत काढताना पुन्हा गळती. शिवाय दीड टनाचे ओझे सतत सोबत. गेंटमध्ये जायरोबसला किलोमीटरमागे २.९ युनिटे लागत. तिच्याहून कितीतरी जास्त प्रवासी नेणाऱ्या ट्रामला मात्र २ ते २.४ युनिटेच पुरत. लिओपोल्डव्हिलमध्ये हा आकडा ३.४ पर्यंत गेला. तेथे चालक जवळची वाट म्हणून कच्च्या रस्त्याने बस नेत आणि चाकाचे बेअरिंग धक्क्यांनी तुटत.

दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी लागते. स्वित्झर्लंडची वीज तेव्हा मुख्यतः जलविद्युत होती, बेल्जियमची मुख्यतः कोळशावरची. म्हणजे इव्हर्दोंची बस पाण्यावर धावत होती, तर गेंटच्या बसचा धूर रस्त्यावर दिसत नसला तरी वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतच होता.

मग ही कल्पना चुकीची होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. वाहनाने ऊर्जा थोडीच बाळगावी आणि थांब्याथांब्यावर ती पुन्हा भरून घ्यावी, हे तत्त्व टिकून राहिले. बदलली ती साठवण. २००६ मध्ये शांघायमध्ये महाधारित्रांवर, म्हणजे सुपरकपॅसिटरवर, चालणाऱ्या बस सुरू झाल्या. जिनिव्हात २०१३ मध्ये चाचणी होऊन पुढे विमानतळ व उपनगरे जोडणाऱ्या मार्गावर अशी विजेची बस आली, जिचे विद्युतघट वाटेतल्या थांब्यांवर १५ ते २० सेकंदांत काही प्रमाणात भरले जातात.

आज आपल्याकडेही विजेच्या बसच्या पाठीवर ‘प्रदूषणमुक्त’ असे लिहिलेले दिसते. वर्गात हा विषय निघाला, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. वीज कशापासून तयार झाली? तारेतून घेतलेल्या विजेपैकी चाकांपर्यंत किती पोचली? आणि गाडीत माणसे किती होती? जायरोबसचे खरे मोल या तीन प्रश्नांनीच ठरले. आपल्या बसचेही त्यांनीच ठरवावे लागेल.