रणगाड्यात पाणी असते का?

इंग्रजीत पाण्याच्या टाकीला 'टँक' म्हणतात आणि रणगाड्यालाही 'टँक'च म्हणतात. "मग रणगाड्यात पाणी असतं का?" असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्याच्या उत्तरात एक इतिहास दडलेला आहे.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरची लढाई खंदकांत रुतून बसली. काटेरी तारा आणि मशीनगन यांच्यापुढे पायदळाचा टिकाव लागेना. यावर उपाय शोधण्यासाठी फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटनचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी 'लँडशिप्स कमिटी' नेमली. लँडशिप म्हणजे जमिनीवरचे जहाज. काम नौदलाच्या खात्यात चाललेले, तेव्हा ही उपमा स्वाभाविकच होती.

लिंकन शहरातल्या फॉस्टर कंपनीत विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी पहिला नमुना बांधला. त्याचे नाव अगदी साधे होते: 'लिंकन यंत्र क्रमांक १'. त्याचे पट्टे नीट चालेनात, म्हणून नवे पट्टे बसवले गेले. या सुधारलेल्या गाडीला 'लिटल विली' हे नाव पडले. जर्मन युवराज विल्हेल्म याची ब्रिटनमध्ये याच नावाने टिंगल होत असे. पण रुंद खंदक ओलांडणे काही लिटल विलीला जमेना. मग पट्टे साऱ्या अंगाभोवती फिरवलेली, तिरक्या चौकोनाच्या आकाराची दुसरी गाडी तयार झाली. तिला कोणी 'बिग विली' म्हणे, कोणी 'मदर'. १९१६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हॅटफिल्ड पार्क येथे तिच्या चाचण्या यशस्वी झाल्या. पुढे तोफा असलेल्या गाड्यांना 'मेल' आणि केवळ मशीनगन असलेल्यांना 'फीमेल' म्हणू लागले. 'मदर'वर तोफा होत्या. म्हणजे या हिशेबाने आई ठरली नर!

खरी अडचण गुप्ततेची होती. 'लँडशिप' म्हटले की गुपित फुटलेच. कामगारांना सांगितले जाई, की आपण मेसोपोटेमियासाठी पाणी वाहणाऱ्या गाड्या बनवतो आहोत. पण 'वॉटर कॅरिअर' या शब्दांची आद्याक्षरे 'डब्ल्यू. सी.', म्हणजे शौचालय! त्या नावाची समिती कोणाला हवी? म्हणून डिसेंबर १९१५ मध्ये 'टँक' हे नाव ठरले. काही गाड्यांवर रशियन भाषेत पेट्रोग्राडचा पत्ताही रंगवला गेला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत हे यंत्र प्रथम रणांगणात उतरले. कित्येक गाड्या वाटेतच बंद पडल्या, पण गुपित तोवर टिकले होते. तात्पुरते घेतलेले नाव मात्र कायमचे चिकटले.

आता गंमत पाहा. इंग्रजी 'टँक' या शब्दाचे मूळ कोशकार पश्चिम भारतात शोधतात. गुजराती-मराठीतला 'टांके' किंवा 'टाके' हा शब्द ते दाखवतात. पोर्तुगीज 'तांके' या शब्दाचाही त्यात वाटा असावा, असे मानले जाते. सिंहगडावरचे देवटाके आपल्या परिचयाचे आहेच. म्हणजे गडावरच्या पाण्याचे नाव युरोपच्या चिखलात लोखंडी गाडीला लागले असावे. आपण मात्र त्या गाडीला 'टाके' म्हटले नाही, 'रणगाडा' म्हटले.

एक नाव वस्तू लपवण्यासाठी ठेवलेले, दुसरे ती समजावी म्हणून घडवलेले. विज्ञान शिकवताना आपण अनेक संज्ञा मुलांपुढे ठेवतो. त्यांतली कोणती वस्तूचे काम सांगते आणि कोणती केवळ इतिहासाचा अपघात आहे, हे मुलांनाच शोधायला सांगावे. नाव पाठ झाले म्हणजे वस्तू कळली असे नव्हे, हे त्यातून त्यांना आपोआप उमगेल.