स्पीकरच्या बॉक्समधली लोकर

घरी स्पीकर बांधणारे बॉक्समध्ये लोकर, कापूस, ग्लासवूल भरतात. ही रीत प्रयोगशाळेतून आली, असे सगळे मानतात. त्यातली लोकर तरी कापडगावातून आली, असे माझे ठाम मत आहे.

ऑक्टोबर १९६५च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात ए. आर. बेली यांनी नव्या घडणीचा बॉक्स मांडला. आत लांब बोगदा, आणि त्यात सैल भरलेली लांब तंतूंची लोकर. बेली शिकवत ते गाव इंग्लंडातले ब्रॅडफर्ड. लांब तंतू विंचरून वर्स्टेड कापड विणणे हाच त्या गावाचा पिढीजात धंदा. जवळच्या इल्कलीत १९३२ साली 'व्हार्फडेल' स्पीकर सुरू करणारे गिल्बर्ट ब्रिग्जही कापडव्यापारातलेच.

विरुद्ध बाजूचे दाखले वजनदार आहेत. हार्वर्डचे सॅबिन १८९५पासून नाट्यगृहातल्या गाद्या व्याख्यानगृहात मांडून घुमणारा आवाज किती शोषला जातो ते मोजत होते. ओल्नी यांनी १९३६मध्ये स्पीकरच्या बॉक्ससाठी अस्तर लावलेला नागमोडी मार्ग मांडला. विल्चर यांनी १९५४च्या बंद बॉक्समध्ये ग्लासवूल भरले. अस्तराचा मान त्यांचाच. पण लोकर, तीही लांब तंतूंचीच, हे बेलींना कसे सुचले? जो माल गावात गल्लोगल्ली होता, तोच त्यांनी उचलला, असा माझा तर्क आहे.

असे कापडगाव आपल्याकडे सोलापूर. चादर आणि टेरी टॉवेल ही इथली ओळख. मात्र घट्ट विणीची चादर बॉक्सच्या फळीला चिकटवून फारसे साधत नाही. हवा तंतूंत घासली की आवाजाची उष्णता होते, आणि फळीलगत हवा जवळजवळ हलतच नाही. तिची हालचाल पाव तरंगलांबीवर सर्वाधिक असते: १००० हर्ट्झला फळीपासून सुमारे साडेआठ सेंटिमीटरवर, १०० हर्ट्झला सुमारे ८६ सेंटिमीटरवर. पातळ अस्तर बासपुढे हतबल ठरते ते यामुळे.

म्हणून सुती वेस्ट, म्हणजे मागावरचे टाकाऊ सूत, पिंजून, विरळ कापडात सैल बांधून बॉक्सच्या मध्यापर्यंत भरा. बॉक्सला पोर्ट, म्हणजे हवेसाठी ठेवलेले भोक, असेल तर त्याचे तोंड मोकळे ठेवा. कापूस दमट होतो, कालांतराने खाली बसतो. तो अधूनमधून काढून उन्हात घाला. बाहेरून महागडा फोम मागवण्याआधी यंत्रमागाच्या कारखान्यात वेस्टची चौकशी जरूर करा.