रक्त वाढवणारं अन्न : एका समजुतीचा इतिहास

रक्ताचा कर्करोग आणि अन्न यांच्या नात्याचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात मुंबईतल्या परळपासून करता येते. इथे जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या वास्तूत हाफकिन संस्था आहे आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा मेमोरियल हॉस्पिटल. पहिल्या ठिकाणी १९२८ नंतरच्या काही वर्षांत अन्नातल्या एका अज्ञात घटकाचा माग काढला गेला. दुसऱ्या ठिकाणी आज ल्युकेमियाच्या अनेक रुग्णांना जे औषध देतात, ते त्याच घटकाची हुबेहूब वाटावी अशी नक्कल आहे. या दोन वास्तूंमधलं अंतर काही मिनिटांचं असलं, तरी एका विचाराला ते कापायला बॉस्टनला वळसा घालावा लागला.

या विषयाकडे मी वळले ते घरच्या कारणाने. माझ्या आईला साठी उलटल्यावर तीव्र ल्युकेमिया झाला. उपचारांच्या त्या काळात घरात सर्वांत जास्त बोलणं व्हायचं ते औषधांविषयी नव्हे, तर जेवणाविषयी. औषध डॉक्टरांच्या हातात होतं, ताट आमच्या हातात. भेटायला येणारं प्रत्येक माणूस काहीतरी सुचवून जाई किंवा घेऊनच येई : बीट, डाळिंब, काळ्या मनुका, गव्हांकुरांचा रस, पपईच्या पानांचा रस, गुळवेल. सगळ्यांच्या मनात एकच हिशेब होता. आजार रक्ताचा आहे, तेव्हा रक्त वाढवणारं खायला घाला. मी इतिहास शिकवते. त्यामुळे मला प्रश्न पडला, की हा हिशेब आला कुठून आणि तो कुठवर बरोबर आहे?

तो पूर्णपणे चूक नाही, हे आधी सांगायला हवं. १९२६ मध्ये बॉस्टनच्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी ‘पर्निशस ॲनिमिया’च्या रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घातलं आणि तोवर जीवघेणा मानला जाणारा आजार आटोक्यात आला. १९३४ चं नोबेल पारितोषिक त्यांना जॉर्ज व्हिपल यांच्याबरोबर मिळालं. अन्नाने रक्त सुधारतं, याचा इतका ठसठशीत पुरावा त्याआधी जगाला मिळाला नव्हता.

दुसरा पुरावा मुंबईतला. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र पंडुरोगाचं कारण शोधणं हे तिचं काम होतं. तिने बायकांच्या खाण्याची चौकशी केली. वेगवेगळ्या वर्गांतल्या बायकांचा आहार आणि आजाराचं प्रमाण यांची सांगड घालताना तिला दिसलं, की ज्यांच्या पोटात सर्वांत निकस अन्न जातं, त्या गरीब मुसलमान बायकांमध्ये हा आजार सर्वांत जास्त आहे. मग तिने तसाच आहार प्राण्यांना देऊन पाहिला. निरनिराळी जीवनसत्त्वं दिली, पण गुण येईना. गुण आला तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावून खायच्या ‘मार्माइट’ने. प्राण्यांनंतर आजारी बायकांनाही त्याने उतार पडला. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्ध केलेल्या यकृताच्या अर्काने जे साधत नव्हतं, ते या स्वस्त पदार्थाने साधत होतं. म्हणजे त्यात काहीतरी वेगळं होतं. त्या ‘काहीतरी’ला पुढे बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत.

त्याच १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये त्यांच्या नावाने विश्वस्त निधी स्थापन केला. ल्युकेमियावरच्या संशोधनाला मदत हा त्याचा एक प्रमुख हेतू आजही आहे. एका वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की आमच्या घरातल्या हिशेबातली फट दिसू लागते. ल्युसी विल्सच्या रुग्ण बायकांचं रक्त कमी होतं, कारण त्यांच्या ताटात काही कमी होतं. मेहेरबाईंच्या ताटात कशाचीही वाण नव्हती. दोघींच्या चेहऱ्यावरचा फिकेपणा सारखाच, पण मागची कारणं अगदी निराळी. ल्युकेमियात अस्थिमज्जेची जागा बेसुमार वाढणाऱ्या अपक्व पेशी व्यापतात आणि तांबड्या पेशी तयार व्हायला वावच उरत नाही. शेतात तण माजलेलं असताना खत टाकून पीक येत नाही, तसंच हे.

खत टाकल्यावर काय होतं, तेही पुढे पाहिलं गेलं. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या संशोधकांनी चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं फोलिक ॲसिड. विल्स फॅक्टर म्हणजे हेच. १९४५ मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले सिडनी फार्बर यांनी फोलिक ॲसिडच्या जातीची संयुगं कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिली. ल्युकेमियाच्या मुलांमध्ये उलटंच झालं : आजार वेगाने वाढताना त्यांना दिसला. इथे फार्बर यांनी विचाराची दिशा फिरवली. या पेशींना फोलिक ॲसिड हवं असेल, तर त्यांना तसंच दिसणारं पण उपयोगी न पडणारं काही दिलं तर? सुब्बाराव यांच्या गटाने तसं रसायन बनवलं : ॲमिनोप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या १० मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही, काही महिन्यांत आजार परतला. पण ल्युकेमिया औषधाने मागे हटतो, हे कळलं. त्याच रसायनाचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. आईला ते देत होते.

हा इतिहास वाचल्यावर ‘टॉनिक’ या शब्दाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. मेथोट्रेक्सेट चालू असताना औषधाच्या दुकानातली ‘रक्तवाढीची’ गोळी मनाने देऊ नये, कारण अशा बहुतेक गोळ्यांत फोलिक ॲसिड असतं. याचा अर्थ पालेभाजीला शत्रू मानावं असा नाही. ताटातली शिजवलेली भाजी वेगळी आणि गोळीतली मात्रा वेगळी. गंमत अशी, की मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिल्यावर निरोगी पेशी वाचवायला डॉक्टर स्वतःच फोलिक ॲसिडच्या कुळातलं ल्युकोव्होरिन ठरल्या वेळी देतात. घटक तोच, पण तो कोणी, केव्हा आणि किती द्यायचा यावर सगळं अवलंबून.

उलट टोकाचा सल्लाही आम्हाला मिळाला : कर्करोगाला उपाशी मारा, साखर बंद, दूध बंद. यालाही इतिहासाने एक उत्तर दिलेलं आहे. १९५३ मध्ये जॉन किड यांना दिसलं, की गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधल्या काही गाठी विरघळतात. १९६१ मध्ये जॉन ब्रूम यांनी त्याचं कारण सांगितलं : त्या द्रवातलं ॲस्पॅरजिनेज नावाचं विकर. ल्युकेमियाच्या बऱ्याच पेशींना ॲस्पॅरजिन हे अमिनो आम्ल स्वतःपुरतं पुरेसं बनवता येत नाही. त्या ते रक्तातून उचलतात. विकर टोचून रक्तातलं ॲस्पॅरजिन संपवलं, की त्या पेशी मरतात. म्हणजे कर्करोगाला उपाशी मारता येतं, पण ते इंजेक्शनने. ताट रिकामं ठेवून ते साधत नाही, कारण आपलं शरीर ॲस्पॅरजिन घडवत राहतं. उपास घडतो तो रुग्णाला. आईची संकष्टी तीस वर्षांची. ती सोडायला ती तयार नव्हती. शेवटी आमच्या गुरुजींनीच सांगितलं, की आजारी माणसाला उपास माफ असतो, आणि तो प्रश्न सुटला.

तिसरा प्रश्न भीतीचा. औषधांनी पांढऱ्या पेशी घटल्या, की साधा जंतूही जिवावर बेततो. १९६० नंतर अमेरिकेत अशा रुग्णांना प्लॅस्टिकच्या तंबूत, पुढे गाळलेल्या हवेच्या खोल्यांत ठेवू लागले. तिथे अन्नही निर्जंतुक केलेलं जाई. १९७२ मध्ये कच्च्या भाज्यांवरून स्यूडोमोनास हा जंतू रुग्णालयात शिरतो, असं एका अभ्यासात दिसलं. सॅलड खाऊ नका, असं विनवणाऱ्या शीर्षकाचा लेख १९८१ मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आला. कच्चं सगळं वर्ज्य, हा नियम रूढ झाला. त्याने संसर्ग खरोखर कमी होतो का, याची नीट चाचणी व्हायला मात्र २००८ उजाडलं. ह्यूस्टनमध्ये तीव्र ल्युकेमियाच्या १५३ रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त शिजवलेलं आणि निम्म्यांना कच्ची फळं-भाज्या असलेलं जेवण दिलं. मोठे संसर्ग पहिल्या गटात २९ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक धरण्याजोगा नव्हता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीनेही कडक पथ्याचा जास्तीचा फायदा दाखवला नाही.

हे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे उचलू नयेत. त्या रुग्णांची फळं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात धुतलेली होती, आपल्या कोपऱ्यावरच्या रसाच्या गाड्यावर नव्हेत. त्यातून घ्यायचा धडा असा, की पथ्य अन्नाचं नसून स्वच्छतेचं आहे. पाणी उकळलेलं, दूध तापवलेलं, अंडं पूर्ण उकडलेलं, जेवण ताजं. केळं, संत्रं यांसारखं फळ स्वच्छ धुऊन घरीच सोललेलं. पेशी फार खाली असतील तेव्हा डॉक्टर सांगतील ते. ताज्या पानांचे कच्चे रस या कसोटीवरही नापास होतात. शिवाय यकृतावर आधीच औषधांचा भार असतो. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती.

मग खायला काय द्यायचं? जे जाईल ते, आणि पुन्हा पुन्हा थोडं थोडं. तोंड आलं तर चिंच, आमसूल, तिखट बाजूला आणि मऊ मुगाची खिचडी, त्यावर तूप. जेवणाच्या वासाने मळमळलं तर वाफाळतं नको, कोमट द्यावं. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून. प्रेडनिसोलोन चालू असताना भूक खवळते आणि साखरही चढते, तेव्हा गोडाला आवर घालावा. व्हिन्क्रिस्टिनने पोट जड होतं, तेव्हा पाणी आणि शिजवलेल्या भाज्या वाढवाव्यात. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावं, कारण घटणारं वजन डॉक्टरांना पुष्कळ काही सांगतं. यातलं काहीही रक्त वाढवत नाही. ते उपचार सोसणारं माणूस टिकवतं आणि अन्नाचं काम तेवढंच, पण तेवढं मोठं आहे.

आमच्या घरात अवघड गेलं ते निराळंच. आई सगळ्यांत शेवटी जेवणारी. उरलेली पोळी, खरवडीचा भात हे तिचं ताट. आता सर्वांत आधी, ताजं आणि तिच्यासाठी वेगळं रांधलेलं खायचं, तर तिला चोरी केल्यासारखं वाटे. ‘आधी मुलांना वाढ,’ हे तिचं पालुपद. ल्युसी विल्सने मुंबईत बायकांच्या खाण्याची चौकशी केली, तेव्हा तिला त्यांच्या रक्ताचं कारण त्यांच्या ताटात सापडलं होतं. ल्युकेमियाचं कारण तिथे सापडत नाही. पण आजार येण्याआधी घरातली बाई किती वर्षं उरलंसुरलं खात आली आहे, हे तिच्या अंगातल्या ताकदीवरून उपचारांच्या वेळी कळतं. तो हिशेब केमोथेरपीच्या पहिल्या दिवशी मांडायला घेतला, तर उशीर झालेला असतो.