गेमिंग संगणकासाठी यूपीएस

गेमिंग संगणकासाठी यूपीएस म्हणजे संगणकीय खेळांसाठी बांधलेल्या आणि त्यामुळे अधिक वीज घेणाऱ्या संगणकाला, मुख्य वीजपुरवठा खंडित झाल्यावर काही मिनिटे बॅटरीवरून वीज देणारे यंत्र होय. यूपीएस हे 'अनइंटरप्टिबल पॉवर सप्लाय' या संज्ञेचे लघुरूप असून मराठीत त्यास अखंडित वीजपुरवठा संच असे म्हणता येते. नावात 'अखंडित' असले तरी घरगुती संचाची मुदत मिनिटांतच मोजावी लागते. चालू काम जतन करून संगणक रीतसर बंद करता यावा, एवढाच त्याचा मुख्य हेतू आहे.

कार्यालयीन कामाच्या संगणकासाठी सर्रास विकला जाणारा ६०० व्हीएचा संच गेमिंग संगणकाला बहुधा अपुरा पडतो. खेळ ऐन रंगात असताना वीज गेली की असा संच क्षणभर आवाज करतो आणि संगणकासह बंद पडतो. विकत घेणाऱ्यास तो बिघडलेला वाटतो. प्रत्यक्षात पुष्कळदा चूक निवडीत झालेली असते.

गरज

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा आणि ५० हर्ट्झ वारंवारतेचा असतो. भारनियमन, रोहित्रातील बिघाड, पावसाळ्यात तारांवर पडणाऱ्या फांद्या यांमुळे तो खंडित होतो. ग्रामीण भागात शेतीपंप एकदम सुरू झाल्यावर दाब खाली जाणे हीही नेहमीची बाब आहे. वीज अचानक गेल्याने संगणक प्रत्येक वेळी बिघडतोच असे नाही. मात्र त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू शकते. खेळाची जतन केलेली प्रगती किंवा कार्यप्रणालीचे अद्यतन त्यात सापडल्यास नुकसान मोठे होते. मदरबोर्डवरील बायोस अद्ययावत होत असताना वीज गेल्यास बोर्डच सुरू न होण्याचा धोका असतो.

दीर्घकाळ वीज नसण्यावर यूपीएस हा उपाय नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसरातील वीजपुरवठा ग्रिडमधील बिघाडामुळे कित्येक तास बंद होता. अशा प्रसंगी घरगुती यूपीएस संगणक नीट बंद करण्याइतकाच उपयोगी पडतो. ज्या गृहसंकुलांत जनित्र आहे तेथे मात्र जनित्र सुरू होईपर्यंतचे काही सेकंद भरून काढण्याचे काम तो उत्तम करतो.

व्होल्ट-अँपिअर आणि वॅट

यूपीएसच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा व्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे व्हीएचा असतो. संच प्रत्यक्षात किती भार पेलेल हे सांगणारा वॅटचा आकडा बहुधा मागील पट्टीवर बारीक अक्षरांत असतो. स्वस्त संचांत या दोहोंचे गुणोत्तर साधारण ०.६ असते, म्हणजे ६०० व्हीएचा संच ३६० वॅट आणि १,००० व्हीएचा संच ६०० वॅट पेलतो. महागड्या संचांत हे गुणोत्तर ०.८ ते ०.९ असू शकते. निवड करताना वॅटचाच आकडा पाहावा; तो कोठेच छापलेला नसेल तर तो संच न घेणे बरे.

भाराचा अंदाज

संगणकातील पॉवर सप्लायवर ७५० वॅट लिहिले आहे म्हणून संगणक सदैव ७५० वॅट घेतो, हा व्यापक गैरसमज आहे. तो आकडा कमाल क्षमतेचा असतो. खरी वीज ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांवर अवलंबून असते.

उदाहरणार्थ, आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाची निर्धारित मर्यादा ११५ वॅट आहे. त्यासोबत रायझन ५ वर्गातील सुमारे ७६ वॅट घेणारा प्रोसेसर आणि मदरबोर्ड, स्मृती, साठवण, पंखे यांचे मिळून ५० वॅट धरल्यास बेरीज २४१ वॅट होते. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ८७ टक्के मानली तर भिंतीतून सुमारे २७७ वॅट घेतले जातात. मॉनिटरचे ३० आणि राउटरचे १० मिळवल्यावर एकूण भार ३१७ वॅटच्या आसपास जातो. कागदावर हा भार ३६० वॅटच्या संचात बसतो. व्यवहारात मात्र बसत नाही. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या मर्यादेच्या बरेच वर उसळी घेते. ही उसळी एवढी गंभीर मानली गेली, की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात अशा क्षणिक भारासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. मुख्य पुरवठा ही उसळी सहज सोसतो, बॅटरीवर चालणारा छोटा संच सोसत नाही. म्हणून अंदाजित भार संचाच्या क्षमतेच्या सुमारे ७५ टक्क्यांच्या आत ठेवावा. वरील संगणकास त्या हिशेबाने निदान ४२५ वॅट, म्हणजे बाजारात मिळणारा ६०० वॅटचा संच योग्य ठरतो.

आरटीएक्स ४०९० सारख्या ४५० वॅट मर्यादेच्या कार्डाबरोबर २५० वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर असल्यास एकूण भार ९०० वॅटच्या पुढे जातो आणि दीड ते दोन हजार वॅटचा संच लागतो. त्या किमतीत दुसरे ग्राफिक्स कार्ड येते, असे म्हणणारे पुष्कळ असतात. पण भिंतीवर लावता येण्याजोगा वीजमापक काही शे रुपयांत मिळतो. खेळ चालू असताना त्यावर दिसणारा आकडा कोणत्याही अंदाजाहून विश्वसनीय असतो.

प्रकार

ऑफलाइन संचात संगणक एरवी थेट मुख्य पुरवठ्यावर चालतो आणि वीज गेल्यावरच बॅटरीकडे वळतो. लाइन-इंटरॲक्टिव्ह संचात याशिवाय दाब कमी-जास्त झाल्यास तो बॅटरी न वापरता सावरणारे रोहित्र असते. जेथे दाब वारंवार घसरतो तेथे हा गुण निर्णायक ठरतो, कारण ऑफलाइन संच प्रत्येक घसरणीला बॅटरी खर्च करून ऐन गरजेच्या वेळी रिता राहतो. ऑनलाइन संचात वीज सतत दोनदा रूपांतरित होते आणि बदलीचा काळ शून्य असतो. पण तो महाग असतो, उष्णता निर्माण करतो आणि त्याचा पंखा सतत वाजतो. घरगुती गेमिंग संगणकासाठी साधारणतः लाइन-इंटरॲक्टिव्ह संच पुरेसा होतो.

बदलीचा काळ आणि तरंगाचा आकार

मुख्य पुरवठ्यावरून बॅटरीकडे वळण्यास ऑफलाइन व लाइन-इंटरॲक्टिव्ह संचांना सामान्यतः ४ ते १० मिलिसेकंद लागतात. चांगला पॉवर सप्लाय आपल्यातील साठ्यावर पूर्ण भारातही सुमारे १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. त्यामुळे केवळ या कारणाने संगणक बंद पडणे विरळा.

अडचण अधिक करून तरंगाच्या आकाराने येते. स्वस्त संच बॅटरीवर असताना गुळगुळीत साइन तरंगाऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा तरंग देतात. विक्रेते त्यास 'सिम्युलेटेड साइन' असे भारदस्त नाव देतात. आजचे बहुतेक गेमिंग पॉवर सप्लाय 'ॲक्टिव्ह पीएफसी' प्रकारचे असतात. त्यांतील मंडल घेतला जाणारा प्रवाह दाबाच्या तरंगाबरहुकूम घडवत असते. पायऱ्यांच्या तरंगावर काही पॉवर सप्लाय बिनतक्रार चालतात, तर काही अचानक मोठा प्रवाह ओढतात आणि संच अतिभार समजून बंद होतो. कोणती जोडी जमेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच शुद्ध साइन तरंगाच्या संचासाठी थोडे अधिक पैसे मोजणे येथे उचित ठरते. वॅटनंतर पाहावयाची दुसरी गोष्ट हीच.

बॅटरी आणि मुदत

छोट्या संचांत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. गुणाकाराने तिच्यात ८४ वॅट-तास ऊर्जा दिसते आणि ३२० वॅटचा भार १५ मिनिटे चालेल असे वाटते. मात्र ही क्षमता २० तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने मोजलेली असते. झपाट्याने उपसा केल्यास ती बरीच घटते आणि प्रत्यक्षात चार-पाच मिनिटेच मिळतात. दोन बॅटऱ्यांच्या संचात तोच भार दहा मिनिटांच्या आसपास टिकतो. वीज जाताच खेळ बंद केल्यास ग्राफिक्स कार्ड शांत होऊन भार शंभर वॅटच्या जवळ येतो आणि उरलेली मुदत तिपटीहून अधिक वाढते. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा ही सवय स्वस्त पडते.

शिसे-आम्ल बॅटरी सामान्यतः तीन ते पाच वर्षे टिकते. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांस तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ठोकताळा आहे. त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात संच बंद कपाटात वा संगणकाच्या गरम हवेच्या झोतात ठेवू नये. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

घरगुती इन्व्हर्टर

दिवे-पंख्यांसाठी बसवलेल्या इन्व्हर्टरवर संगणक चालवता येईल काय, असा प्रश्न हमखास विचारला जातो. शुद्ध साइन तरंगाचा, पुरेशा वॅटचा इन्व्हर्टर असल्यास येईल. अनेक इन्व्हर्टरांच्या मागे यूपीएस आणि इको अशा दोन स्थितींची कळ असते. इको स्थितीत बदलीचा काळ लांबतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो, म्हणून कळ यूपीएस स्थितीत ठेवावी लागते. चौकोनी तरंगाच्या जुन्या इन्व्हर्टरपुढे यूपीएस जोडल्यास तो त्या विजेस सदोष समजून स्वतःच्या बॅटरीवरच राहतो आणि ती संपल्यावर बंद होतो.

जोडणी

संगणक, मॉनिटर आणि राउटर एवढेच यूपीएसवर असावेत. राउटर विसरला गेल्यास संगणक चालू राहूनही ऑनलाइन सामना तुटतो. लेझर प्रिंटर तापताना मोठा प्रवाह घेतो, म्हणून तो कधीही जोडू नये. यूएसबी तारेने संच संगणकास जोडल्यास बॅटरी ठरावीक पातळीला येताच संगणक आपोआप बंद करण्याची सोय विंडोज आणि लिनक्स दोहोंत होते. ही तार बहुतेकांच्या खोक्यातच पडून राहते. भिंतीतील अर्थिंग नीट नसेल तर संगणकाच्या धातूच्या पेटीस हात लावताच झिणझिण्या येतात आणि यूपीएसमधील अतिदाब-संरक्षणही पूर्ण काम करत नाही. अशा वेळी संच बदलण्याआधी वीजतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे.